भावे, सुमित्रा

भावे, सुमित्रा : (१२ जानेवारी १९४३–१९ एप्रिल २०२१). विख्यात मराठी चित्रपट-दिग्दर्शिका व पटकथालेखिका. जन्म पुणे येथे. समाजशास्त्राच्या अध्यापनातून व संशोधनातून वयाच्या चाळिशीनंतर त्या चित्रपटाकडे वळल्या. चित्रपटविद्येचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. सुनील सुकथनकर यांच्या सहकार्याने सु. पस्तीस वर्षांत त्यांनी चौदा-पंधरा कथापट आणि पन्नासांहून अधिक लघुपट व अनुबोधपट निर्माण केले. समाजातील एखादा प्रश्न हाती घेऊन, त्याने गांजलेल्या व्यक्तीच्या अंतरंगात शिरून त्याचा शोध घेणे, हे त्यांच्या चित्रपटांचे प्रधान वैशिष्ट्य होय. ज्यांच्याविषयी अभ्यास करावयाचा त्यांच्यापर्यंत तो परत कसा पोहोचवावा, या संशोधकाला पडलेल्या प्रश्नातून त्यांची चित्रपटनिर्मिती उद्भवली आणि अखेरपर्यंत त्या प्रश्नाची खूण तिच्यावर राहिली.

शिक्षण व पूर्वकार्य : पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र व समाजशास्त्र या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी ग्रामीण कल्याण या विषयाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. पुढे पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी सु. दहा वर्षे अध्यापन केले. काही काळ त्या आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून मराठी बातम्याही देत असत. समाजकार्याचे शिक्षण देताना झोपडवस्त्या, खेडी व स्वयंसेवी संस्था यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. मुलाखत घेणे, समोरच्या व्यक्तीचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकून घेणे, तिच्या बोलण्यातील विसंगतीही टिपून ठेवणे, ही या क्षेत्रातील कौशल्ये पुढे पटकथालेखनात त्यांच्या उपयोगी पडली.

ऐंशीच्या दशकात ‘स्त्रीवाणी’ या प्रकल्पांतर्गत त्यांनी स्त्रियांच्या आत्मप्रतिमेविषयीच्या संशोधनाचे नेतृत्व केले. कष्टकरी स्त्री स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हा त्या अभ्यासाचा विषय होता. संशोधन पूर्ण होत असता एक अडचण उभी राहिली. निष्कर्षांचा अहवाल विद्वानांच्या हाती पडणार होता; ज्या स्त्रियांनी आपली आयुष्ये उलगडून सांगितली होती, त्यांतील अनेकींना मात्र वाचता येत नव्हते. अक्षरओळखीची अट नसलेले आणि त्या स्त्रियांना परिचित असलेले माध्यम म्हणजे चित्रपट. हा विचार करून भावे यांनी कॅमेऱ्याचा आश्रय घेतला.

लघुपटांचा कालखंड : बाई (१९८५) हा त्यांचा पहिला लघुपट. झोपडवस्तीत राहणाऱ्या आणि प्रतिकूल परिस्थितीशी झगडत स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या एका स्त्रीचे चित्रण त्यात आहे. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या पाणी (१९८७) या लघुपटात टंचाईने त्रस्त झालेल्या खेड्यातील स्त्रियांचा पाण्यासाठीचा प्रयत्न हा विषय होता. त्यासही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. या दोन लघुपटांमुळे भावे यांनी अध्यापनाकडे न परतता चित्रपट हेच आपले कार्यक्षेत्र ठरविले.

बाईच्या निर्मितीच्या वेळी सुनील सुकथनकर हे तरुण रंगकर्मी साहाय्यक म्हणून त्यांच्यासमवेत आले. पुढे त्यांनी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेत दिग्दर्शनाचे शिक्षण घेतले आणि भावे यांचे सहदिग्दर्शक म्हणून कायमची साथ दिली. या जोडीच्या कामाची विभागणी साधारणतः अशी असे : कथा, पटकथा व संवाद भावे यांचे, गीते सुकथनकर यांची, दिग्दर्शन दोघांचे. अनेक चित्रपटांचे कलादिग्दर्शन व वेशभूषा यांची जबाबदारीही भावे यांनीच उचलली. पात्राच्या घरातील भांडे कोणते, त्याच्या अंगावरील लुगडे किती वेळा धुतलेले, हा त्यांच्या लेखी पटकथेचाच भाग होता.

तत्कालीन मराठी चित्रपट : भावे यांचे वेगळेपण ध्यानी येण्यासाठी त्या काळातील मराठी चित्रपटाची स्थिती लक्षात घेणे आवश्यक आहे. सत्तरच्या दशकात व ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी जब्बार पटेल यांचे सामना, सिंहासन (१९७९) व उंबरठा (१९८२) तसेच अमोल पालेकर यांचा आक्रीत (१९८१) या चित्रपटांनी गंभीर आशयाची एक वाट निर्माण केली होती. परंतु ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अशी ही बनवाबनवी (१९८८) यांसारख्या विनोदी चित्रपटांचा आणि त्यानंतर माहेरची साडी (१९९१) सारख्या कौटुंबिक अश्रुप्रधान चित्रपटांचा प्रभाव वाढला. सोशिक सून आणि खाष्ट सासू या साच्यांत स्त्रीचे चित्रण बंदिस्त झाले. सई परांजपे व विजया मेहता या दोन समर्थ मराठी दिग्दर्शिका या काळात कार्यरत होत्या. तथापि त्यांचे गाजलेले चित्रपट मुख्यत्वे हिंदीत होते आणि दोघींनाही रंगभूमीची पार्श्वभूमी होती. भावे यांच्या पाठीशी ना रंगभूमी होती, ना चित्रपटव्यवसाय. त्यांच्याजवळ होती ती क्षेत्रपाहणीची वही.

सामाजिक संशोधनातून चित्रपटाकडे वळण्याचा हा मार्ग अन्यत्र अगदीच अपरिचित नाही. फ्रान्समध्ये मानवशास्त्रज्ञ झां रूश आणि समाजशास्त्रज्ञ एद्गार मोरँ यांनी १९६१ साली पॅरिसच्या रहिवाशांवर क्रॉनिक द्युन एते हा चित्रपट केला व तयार झालेला भाग त्यांतील सहभागी व्यक्तींनाच दाखवून त्यांची चर्चाही चित्रपटात समाविष्ट केली. छायाचित्रण-व्यवसायातून आलेल्या आन्येस व्हार्दा यांनी चित्रपटविद्येचे शिक्षण नसताना कोळ्यांच्या वस्तीत ला प्वँत कूर्त (१९५५) हा आपला पहिला चित्रपट केला. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा लेखक होय, हा विचारही त्याच दशकात फ्रेंच समीक्षकांनी हिरिरीने मांडला. भावे यांच्या बाबतीत तो अक्षरशः लागू पडतो; कारण बहुतेक चित्रपटांची प्रत्यक्ष लेखिकाही त्याच होत्या. मात्र फ्रेंच दिग्दर्शकांना त्यांच्या देशात लाभलेला चोखंदळ चित्रपटगृहांचा व नियतकालिकांचा आधार त्यांना फारसा उपलब्ध नव्हता.

कथापट : दोघी (१९९५) हा भावे-सुकथनकर यांचा पहिला महत्त्वाचा कथापट. राष्ट्रीय चित्रपट विकास निगमाच्या अर्थसाहाय्याने तो तयार झाला. खेड्यातील गौरी या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो आणि ती अपशकुनी ठरते. घर विपन्नावस्थेला पोहोचते. मामा तिला मुंबईला नेतो, तेथे ती देहविक्रयाच्या व्यवसायात ढकलली जाते आणि तिच्या मनीऑर्डरींवर घर पुन्हा उभे राहते. धाकट्या कृष्णाच्या लग्नासाठी ती गावी परतते, तेव्हा तिचा पैसा घराला चालतो, परंतु तिचा स्पर्श चालत नाही. या दांभिकतेचे चित्रण करताना आईला खलनायिका करण्याचा सोपा मार्ग भावे यांनी टाळला. उत्तरा बावकर यांनी साकारलेली ही आई स्वतःच रूढीच्या कचाट्यात सापडलेली आहे. रेणुका दफ्तरदार (गौरी), सोनाली कुलकर्णी (कृष्णा) व सदाशिव अमरापूरकर (मामा) यांच्या भूमिकाही उल्लेखनीय आहेत. सामाजिक प्रश्नावरील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटास प्राप्त झाला.

जिंदगी जिंदाबाद (१९९७) या हिंदी चित्रपटात त्यांनी एड्स या रोगाचा प्रश्न हाताळला. दहावी फ (२००२) मध्ये गुणांच्या आधारे मुलांची तुकड्यांत विभागणी करणाऱ्या शालेय पद्धतीवर प्रकाश टाकला आहे. ‘फ’ या अक्षराने ज्यांच्यावर मठ्ठपणाचा शिक्का बसला, अशा मुलांवर विश्वास टाकणाऱ्या शिक्षकाची भूमिका अतुल कुलकर्णी यांनी केली. शाळाशाळांतून व शिक्षकांच्या मेळाव्यांतून या चित्रपटाची चर्चा झाली.

वास्तुपुरुष (२००२) हा त्यांच्या आशयदृष्ट्या सर्वांत विस्तृत चित्रपटांपैकी एक. वास्तुशांतीच्या वेळी घरात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरण्याची प्रथा आहे. घराच्या सुखदुःखाचा साक्षी अशी त्याची कल्पना केली जाते. जमीनसुधारणांच्या काळात उतरती कळा लागलेले एक जमीनदार ब्राह्मण कुटुंब हे कथेचे केंद्र आहे. वडिलांचा ध्येयवाद, गुप्तधनाच्या शोधात वाडा खणत राहणारा काका आणि धाकट्या भास्करने डॉक्टर होऊन कुळावरचे ऋण फेडावे, ही आईची जिद्द, अशा तीन प्रवृत्ती येथे परस्परांसमोर उभ्या केल्या आहेत. पिढ्यानुपिढ्या इतरांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या वास्तूची परतफेड कशी करावयाची, हा प्रश्न चित्रपट विचारतो. नाटककार महेश एलकुंचवार यांनी त्यात भूमिका केली आहे. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार वास्तुपुरुषला मिळाला.

नितळ (२००६) मध्ये कोड असलेल्या सुशिक्षित तरुणीच्या विवाहाच्या निमित्ताने सौंदर्यविषयक कल्पनांची तपासणी आढळते. एक कप च्या मध्ये कोकणातील एका बसवाहकाला अवाच्या सवा रकमेचे विजेचे देयक येते आणि चहापाण्याची लाच न देता तो माहितीच्या अधिकाराचा (अधिनियम २००५) वापर करतो. किशोर कदम यांनी ही भूमिका केली. हा भारत माझा (२०१२) या चित्रपटाला २०११ मधील भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाची पार्श्वभूमी असून, त्या वातावरणात एका मध्यमवर्गीय कुटुंबाला स्वतःच्या लहानसहान तडजोडी कशा जाणवू लागतात, हे दाखविले आहे.

संहिता (२०१३) हा चित्रपट काहीसा निराळा असून तो पटकथालेखनाविषयीच आहे. एका जुन्या संस्थानातील राजा, राणी व गायिका यांच्या कथेवर पटकथा रचणाऱ्या दिग्दर्शिकेला त्या कथेचा शेवट ठरवावयाचा असतो आणि कथेशी संबंधित प्रत्येक स्त्रीला तो वेगळा दिसतो. लेखकाचे स्वतःचे आयुष्य संहितेत कसे झिरपते, याचे सूक्ष्म दर्शन त्यात घडते. या चित्रपटाच्या गीतांसाठी संगीतकार शैलेंद्र बर्वे व पार्श्वगायिका आरती अंकलीकर-टिकेकर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

मनोविकारविषयक चित्रपट : भावे यांच्या कार्यातील सर्वांत मौलिक भाग म्हणून देवराई, अस्तु व कासव या तीन चित्रपटांचा निर्देश करावा लागेल. भारतीय चित्रपटात वेडाचे चित्रण दीर्घकाळ विनोदासाठी, भीतीसाठी अथवा प्रेमभंगाच्या परिणामासाठी होत आले. मनोविकार हा इतर विकारांसारखाच एक विकार असून त्याचा भार रुग्णाइतकाच कुटुंबावरही पडतो, ही जाणीव या चित्रपटांनी मराठी प्रेक्षकांत दृढ केली. मानसोपचारतज्ञ व अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांचे सहकार्य या तिन्ही चित्रपटांना लाभले.

देवराई (२००४) मधील शेष (अतुल कुलकर्णी) हा छिन्नमनस्कतेने ग्रस्त तरुण कोकणातील आपल्या गावच्या देवराईत गुंतलेला आहे. देवाच्या नावाने राखलेल्या व कुऱ्हाड न लागलेल्या अशा वनखंडांचा शास्त्रीय अभ्यास सह्याद्रीच्या परिसरात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात केला होता. भावे यांनी देवराईला मनाच्या गहन प्रदेशाचे रूप दिले. त्याचबरोबर भास, संशय, औषधांविषयीची नाराजी आणि भावाचा सांभाळ करताना बहिणीची (सोनाली कुलकर्णी) होणारी दमछाक यांचे तपशील कोठेही ढळू दिले नाहीत. पर्यावरणरक्षणविषयक उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्यास राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आला. एकाच चित्रपटात वनाचे व मनाचे संरक्षण हे दोन्ही विषय सामावल्याचे हे द्योतक होय.

अस्तु (२०१३) मध्ये स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री (मोहन आगाशे) मुलीच्या मोटारीतून उतरून रस्त्यावरील हत्तीच्या मागे चालू लागतात आणि हरवतात. मुलगी (इरावती हर्षे) त्यांचा शोध घेत असता माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना लेकरासारखे सांभाळते. विद्या, नाव व नाती पुसली गेल्यावर माणसात काय शिल्लक उरते, हा या चित्रपटाचा विषय. ज्या मुलीला वडिलांचे पूर्वायुष्य ठाऊक आहे तिला त्यांचा स्वीकार करणे जड जाते. जिला ते ठाऊक नाही ती अडाणी स्त्री मात्र समोरच्या वृद्धाला आहे तसा स्वीकारते. या विरोधातून चित्रपटाचे शीर्षक सार्थ होते. अमृता सुभाष यांना साहाय्यक अभिनेत्रीचा आणि भावे यांना संवादलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटासाठी मिळाला.

कासव (२०१६) मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण (आलोक राजवाडे) रुग्णालयातून पळून जातो. स्वतः नैराश्याचा अनुभव घेतलेली जानकी (इरावती हर्षे) त्याला कोकणकिनाऱ्यावरील आपल्या मुक्कामी आश्रय देते. तेथे समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण करण्याचे काम चालू असते. मादी वाळूत अंडी घालून निघून जाते. पिलांना समुद्रापर्यंतची वाट स्वतःच चालावी लागते. माणसाने करावयाचे ते इतकेच, की ती वाट सुरक्षित राखणे. जानकी तरुणाला त्याचे नावही विचारत नाही. उपदेश न करता सोबत राहणे हीदेखील शुश्रूषा होय, हा विचार येथे प्रतिमेतून व्यक्त झाला आहे. या चित्रपटास ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत (२०१७) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. श्यामची आई, श्वास, देऊळ व कोर्ट यांच्यानंतर हा बहुमान मिळविणारा हा पाचवा मराठी चित्रपट होय.

लेखनपद्धती व दिग्दर्शनशैली : भावे यांच्या पटकथांत नाट्यमय कलाटण्यांपेक्षा परिस्थितीचा संथ उलगडा आढळतो. पात्रे बोलीभाषेत बोलतात व बोली ही प्रदेश आणि जात यांबरोबर व्यक्तीच्या मनःस्थितीचीही निदर्शक असते. प्रश्नाला एकच एक गुन्हेगार नसतो. प्रत्येक पात्राला स्वतःचे असे कारण असते. मुलाखतीतून माहिती गोळा करणाऱ्या संशोधकाची शिस्त येथे दिसून येते. निसर्गाचा त्या पार्श्वभूमीपुरता उपयोग करीत नाहीत. वन, नदी, हत्ती, कासव, गाय यांना त्यांच्या कथांत प्रत्यक्ष स्थान असते. उत्तरा बावकर, ज्योती सुभाष, अमृता सुभाष, रेणुका व देविका दफ्तरदार, किशोर कदम, मोहन आगाशे आदी कलावंत त्यांच्या चित्रपटांतून वारंवार दिसतात.

त्यांच्या चित्रपटांवर काही आक्षेपही घेता येतात. काही चित्रपटांत माहिती देण्याचा हेतू कथेवर कुरघोडी करतो. डॉक्टर, शिक्षक किंवा कार्यकर्ता अशा पात्राच्या तोंडी स्पष्टीकरणे येतात व प्रतिमेने जे सांगितले तेच शब्दांत पुन्हा सांगितले जाते. विशिष्ट विषयाशी निगडित संस्थांच्या सहकार्याने चित्रपट काढण्याच्या पद्धतीचा हा एक परिणाम मानता येईल. दुसरी मर्यादा वितरणाची. मर्यादित भांडवलावरील या चित्रपटांना चित्रपटगृहे सहजी मिळत नसत. अस्तु चित्रपटगृहांत येण्यास तर काही वर्षे लागली. परिणामी ज्या निरक्षर, कष्टकरी स्त्रियांसाठी भावे या माध्यमाकडे वळल्या, त्यांच्यापेक्षा महोत्सवांतील व शहरांतील सुशिक्षित प्रेक्षकांपर्यंत त्यांचे कथापट अधिक पोहोचले. हे अंतर कमी करण्यासाठी चित्रपटाचा खेळ व त्यानंतर प्रेक्षकांशी चर्चा, या प्रकाराचा अवलंब करण्यात आला. वैद्यकीय महाविद्यालये, शाळा व स्वयंसेवी संस्था यांतून झालेल्या अशा खेळांमुळे मनोरुग्णांचे नातेवाईक प्रथमच चारचौघांत आपली व्यथा बोलून दाखवू लागले. मूळ प्रश्नाचे हे संपूर्ण उत्तर नसले, तरी चित्रपट हा संवादाचा आरंभ व्हावा ही त्यांची भूमिका त्यातून साकार झाली.

अखेरचे चित्रपट : वेलकम होम (२०१९) मध्ये पतीचे घर सोडून माहेरी आलेल्या सुशिक्षित स्त्रीला (मृणाल कुलकर्णी) आपले घर नेमके कोणते, असा प्रश्न पडतो. स्त्रीच्या आत्मप्रतिमेपासून सुरू झालेल्या शोधाचाच हा पुढचा टप्पा होय. दिठी हा अखेरचा चित्रपट दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवर आधारलेला आहे. तरुण मुलगा नदीत वाहून गेल्याने रामजी लोहार या वृद्ध वारकऱ्याची (किशोर कदम) श्रद्धा ढासळते. पावसाळी रात्री अडलेल्या गाईला सोडविण्यासाठी त्याला बोलावणे येते आणि वासराच्या जन्मात हातभार लावताना त्याला जीवनाचा अर्थ नव्याने गवसतो. येथे प्रश्नाचे विवेचन जवळजवळ नाही. काळोख, पाऊस, जनावराचे हुंकार व माणसांचे मौन यांतूनच सारे उलगडते. माहितीचा भार उतरून ठेवलेली भावे यांची ही सर्वांत परिणत कृती म्हणता येईल.

दिठी जनतेपुढे येण्यापूर्वीच, १९ एप्रिल २०२१ रोजी पुणे येथे भावे यांचे निधन झाले. करोनाच्या साथीमुळे चित्रपटगृहे बंद असल्याने हा चित्रपट २१ मे २०२१ रोजी आंतरजालीय प्रक्षेपणाद्वारे प्रदर्शित झाला. साहजिकच तो अनेकांनी आपापल्या घरी पाहिला. चित्रपट लोकांच्या घरापर्यंत नेण्याची जी खटपट त्यांनी बाईपासून चालविली होती, तिची ही एक अनपेक्षित परिणती होती. मराठीत स्वतः लिहून स्वतः दिग्दर्शन करणाऱ्या स्त्रियांची परंपरा त्यांच्या कार्यामुळे सुस्थिर झाली. त्याचप्रमाणे आजार, अपंगत्व व वार्धक्य हे कथापटाचे मुख्य विषय होऊ शकतात, हेही त्यांनी सिद्ध केले.